बाबांसाठी कवळी घ्यावी का? खालचे सहा दात शिल्लक आहेत

घाटवाट (१४ मार्च)

नमस्कार मंडळी. बाबांच्या दातांबद्दल विचारायचंय. जरा सविस्तर लिहितो, कारण दोन डॉक्टरांनी दोन टोकांचे सल्ले दिलेत आणि घरात महिनाभर दुसरा विषय नाही.

बाबा ७३ वर्षांचे. वाळवा तालुक्यात गावी असतात, सोबत आई. पंधरा-सोळा वर्षं मधुमेह आहे. हिरड्या सुजायच्या, पू यायचा, दात हलायचे. हे सगळं इतकं सावकाश झालं की आम्ही कुणी मनावर घेतलं नाही. एकेक करत वरचे सगळे दात गेले, शेवटचे दोन दिवाळीनंतर काढले. खाली फक्त पुढचे सहा आहेत, सुळ्यापासून सुळ्यापर्यंत. दाढ एकही नाही.

मागच्या रविवारी गावी गेलो तेव्हा बाबा सोप्यात बसून माझ्या मुलीला शेंगा फोडून देत होते. एक दाणा स्वतःच्या तोंडात टाकला, जिभेने इकडून तिकडे फिरवला आणि हळूच काढून मुठीत धरला. मुलीचं लक्ष नव्हतं. मी पाहिलं.

तालुक्याचे डॉक्टर म्हणतात, खालचे सहाही काढून टाकू, वर-खाली पूर्ण कवळी बसवू, १८ हजार खर्च, महिन्यात मोकळे. पुण्यातले म्हणतात, कवळी म्हणजे पैसे पाण्यात, इम्प्लांटच (जबड्याच्या हाडात बसवायचे स्क्रू, त्यावर पक्के दात) करा. वर सहा, खाली चार, मिळून पावणेपाच लाख. बाबा म्हणतात, "काही नको. भाकरी दुधात कुस्करून खातोय की. आता किती दिवस राहिलेत?"

तीन महिन्यांची साखर (एचबीए१सी) ८.४ आली आहे.

कवळी हा योग्य मार्ग आहे का? आणि कवळीने भाकरी खरंच खाता येते का? ज्यांच्या घरी अनुभव आहे त्यांनी कृपया लिहा.

रानफूल

खाता येते. माझ्या सासूबाईंना वर-खाली पूर्ण कवळी बसवून ११ वर्षं झाली. पहिले दोन-तीन महिने मात्र अवघड गेले. तोंडात सारखी लाळ यायची, मळमळायचं, आणि बोलताना खालची कवळी उचलली जायची. आम्ही क्रम लावला होता. पहिला आठवडा मऊ भात-वरण, मग उपमा, मग पोळीचे बारीक तुकडे. एकाच बाजूने चावायचं नाही, दोन्हीकडे थोडा थोडा घास ठेवायचा, म्हणजे कवळी कलंडत नाही. समोरच्या दातांनी तोडायचं तर अजिबात नाही. पेरू, कणीस सगळं चिरून किंवा सोलून. दिवाळीत कवळी आली होती आणि संक्रांतीला त्यांनी गुळाची पोळी खाल्ली. तिळाच्या वड्या आणि चिक्की आजही नाही.

चिंचगूळ

आमच्याकडे उलटं झालं. वडिलांची कवळी आठ वर्षं डबीत होती. वरची छान बसायची, पण खालची नाचायची. तीन वेळा घासून आणली. शेवटी फक्त लग्नकार्यात घालायचे, जेवायची वेळ झाली की खिशात. ते गेल्यावर कपाट आवरताना डबी सापडली तेव्हा आईला रडू आवरेना. कवळी घ्या अगर घेऊ नका, पण "कवळी बसवली, काम झालं" असं समजू नका. आम्ही तसंच समजलो आणि नंतर कुणी त्यांच्यासोबत डॉक्टरकडे गेलंच नाही.

हुरडा

खालचे सहा दात घाईने काढू देऊ नका. पुढचं प्रॉस्थो_ताई सांगतीलच, त्या कवळ्यांच्या डॉक्टर आहेत.

सुळका

मी इम्प्लांटच्या बाजूचा. चार आहेत माझ्या तोंडात, सहा वर्षं झाली, हुरडा-दाणे-ऊस सगळं चालतं. पुण्याचे डॉक्टर अगदीच चुकीचं सांगत नाहीत. टायटॅनियमला हाड धरतं हे स्वीडनमध्ये ब्रॉनेमार्क यांनी १९५२ मध्ये पाहिलं आणि १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला इम्प्लांट बसवले. म्हणजे हे काही कालचं फॅड नाही. पैसे असतील तर कवळीच्या वाटेला कशाला जायचं?

रानफूल

@सुळका, तुमचं वय काय? मधुमेह आहे का?

सुळका

५८. नाही. मुद्दा मान्य. पण साखर आटोक्यात आणून पुढच्या वर्षी करता येईलच की.

प्रॉस्थो_ताई

घाटवाट, तोंड बघितल्याशिवाय आणि ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) हातात असल्याशिवाय पक्कं सांगता येणार नाही. पण तुम्ही लिहिलंय ते चित्र आमच्याकडे आठवड्यातून दोनदा तरी येतं, म्हणून मोकळेपणाने लिहिते.

आधी ते सहा दात. पायोरियामुळे (हिरड्यांच्या आजारामुळे) बाकीचे गेले, म्हणजे हेही थोडे कमजोर असणार. पण कमजोर दात आणि काढायचाच दात यात फरक आहे. बोटाने हलवून बघायचं, एक्स-रेत हाड किती उरलंय ते बघायचं, हिरडी खोलवर साफ करून सहा-आठ आठवडे थांबायचं. सहापैकी दोन सुळे जरी घट्ट निघाले तरी ते सोन्यासारखे. दाताचं मूळ असतं तोवर तिथलं हाड टिकतं. दात काढला की हाड झिजायला लागतं आणि ते पुढे वर्षानुवर्षं झिजत राहतं. खालच्या जबड्याची झीज वरच्यापेक्षा सुमारे चौपट असते. वरच्या कवळीला टाळूचा आधार मिळतो, लाळेचा पातळ थर मधे असतो, ती चिकटून राहते. खालच्या कवळीला बसायला घोड्याच्या नालेएवढी पट्टी मिळते, वर जीभ सतत ढकलणार. चिंचगूळ यांच्या वडिलांची खालची नाचायची ती बहुधा याचमुळे. त्यात त्यांची काही चूक नव्हती.

आता दुसरी बाजू, ही फार कमी वेळा सांगितली जाते. वर पूर्ण कवळी आणि खाली नुसते पुढचे सहा दात ठेवले तर माणूस पुढच्या दातांनीच चावायला लागतो. सगळा जोर वरच्या कवळीच्या पुढच्या भागावर येतो. काही वर्षांत तिथलं हाड विरघळतं, हिरडी लिबलिबीत होते आणि कवळी पुढून वर, मागून खाली अशी डुलायला लागते. १९७२ मध्ये केली नावाच्या दंततज्ज्ञांनी याचं सविस्तर वर्णन केलं, आम्ही त्याला कॉम्बिनेशन सिंड्रोम म्हणतो. म्हणून सहा दात ठेवायचे असतील तर खाली मागच्या दाढा द्यायलाच हव्यात, काढता-घालता येणाऱ्या. त्यासाठी धातूच्या सांगाड्याची, म्हणजे कास्ट पार्शल कवळी बघा. कोबाल्ट-क्रोमियमची असते, पातळ, मजबूत, आणि तिचे टेकू दातांवर बसतात त्यामुळे ती हिरडीत रुतत नाही. मऊ फ्लेक्झिबलवाली दिसायला सुंदर, पण अशा केसमध्ये ती हिरडीवर दबत राहते आणि पुढे आतून भरायची वेळ आली की अडचण होते. मी तुमच्या बाबांना ती दिली नसती.

कवळीला साखरेची तेवढी अडचण नाही. इम्प्लांटला आहे. ८.४ वर मी इम्प्लांटला हात लावणार नाही. जखम भरायला वेळ लागतो आणि ज्या पायोरियाने दात खाल्ले तोच इम्प्लांटच्या भोवतीही होऊ शकतो. साखर सातच्या आसपास येऊन राहिली, हिरड्या साफ राहिल्या, मग विचार करू. आणि तेव्हाही दहा लागतीलच असं नाही. खालचे सगळे दात गेलेल्यांसाठी दोन इम्प्लांटवर बटणासारखी अडकणारी कवळी ही पहिली निवड असावी, असं २००२ मध्ये कॅनडातल्या मॅगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी सांगितलं होतं. दोन. म्हणजे आज सुळे वाचवले आणि पाच-सात वर्षांनी ते गेले, तरी वाट बंद होत नाही.

भाकरीचं खरं सांगते. नैसर्गिक दातांनी जेवढा जोर लागतो त्याच्या पाव हिस्सा किंवा त्याहूनही कमी जोर पूर्ण कवळीने लागतो. खाता येते, पण सवयीने.

जुनी वही

जरा अवांतर. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांची कवळी लाकडाची होती असं आपण ऐकत आलोय, ते खरं नाही. हस्तिदंत, माणसाचे आणि जनावरांचे दात, शिसं आणि मधे स्प्रिंगा असा तो प्रकार होता. १७८९ मध्ये शपथ घेताना त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. पुढे १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईत मेलेल्या सैनिकांचे दात काढून कवळ्यांत बसवले गेले, 'वॉटर्लूचे दात' म्हणून ते विकले जायचे. आज अ‍ॅक्रिलिकची हलकी, गुलाबी कवळी मिळते याचं मला तरी फार अप्रूप वाटतं.

हुरडा

जेवताना वाचत होतो हो :-)

नदीकाठ

प्रॉस्थो_ताई, धाग्याच्या विषयाला धरूनच विचारते. माझ्या आईला हाडं ठिसूळ झाल्यामुळे आठवड्याची एक गोळी चालू आहे, चार वर्षं. दोन दाढा काढून कवळी करायची म्हणतात. चालेल ना?

प्रॉस्थो_ताई

नदीकाठ, बरं झालं विचारलंत. गोळीचं नाव बघा. अ‍ॅलेंड्रोनेट किंवा त्याच गटातलं औषध असेल तर दात काढण्याआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं. या औषधांवर दात काढल्यावर क्वचित जबड्याचं हाड उघडं पडतं आणि भरत नाही. गोळीवर हा धोका कमी असतो, कर्करोगासाठी शिरेतून मोठ्या डोसमध्ये घेतात त्यांना जास्त. घाबरू नका, गोळी मनाने बंदही करू नका. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलू द्या. आणि कवळी टोचत असेल तर सहन करत बसू नका, तिथूनही जखम होऊ शकते.

बेळगावकर

खर्चाबद्दल थोडं. दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून (२०१७) चष्मा, काठी, श्रवणयंत्र यांच्यासोबत कवळीही मिळते, शिबिरं लागतात त्यावर लक्ष ठेवावं लागतं. आमच्या कर्नाटकात दंतभाग्य योजनेतून माझ्या मावशीला फुकट कवळी मिळाली. घाटवाट, तुम्हाला योजनेची गरज नसेल, पण कराड आणि सांगली दोन्हीकडे दंत महाविद्यालयं आहेत. तिथल्या प्रॉस्थोडॉन्टिक्स (कवळ्या आणि कृत्रिम दातांच्या) विभागात शिकणारी मुलं करतात, वर प्राध्यापक बघतात. फेऱ्या जास्त होतात, पण मावशीचा अनुभव असा की घाई कुणी करत नाही. मेणातले दात (पक्की कवळी करण्याआधी मेणावर लावून बघतात ते) तीनदा बदलून दिले तिला.

सातासमुद्रापार

मी इंग्लंडमध्ये, लेस्टरला. इथे सरकारी आरोग्यसेवेत कवळी ठरावीक शुल्कात होते, इम्प्लांट सहसा नाही. माझ्या आईची कवळी गेल्या वर्षी इस्पितळात हरवली. जेवणानंतर तिने टिश्यूत गुंडाळून ट्रेवर ठेवली आणि ट्रे गेला. नवी होईपर्यंत सात आठवडे तिने सूप आणि पेज यावर काढले, पाच किलो वजन उतरलं. नव्या कवळीच्या आत नाव घालून घेतलंय. प्रयोगशाळेत बनतानाच घालतात. सगळ्यांनी हे मागून घ्या. आणि घरी धुताना बेसिनमध्ये पाणी भरून ठेवा, हातातून निसटली तर पाण्यात पडते, फुटत नाही.

चिंचगूळ

आणि उकळतं पाणी नको! माझ्या आत्याने निर्जंतुक करते म्हणून गरम पाण्यात टाकली, वाकडीच झाली.

प्रॉस्थो_ताई

बरोबर. साधं पाणी, साधा साबण, मऊ ब्रश. दात घासायची पेस्ट नको, ओरखडे पडतात. रात्री काढून पाण्यात ठेवायची. हे मी हात जोडून सांगते. रात्रंदिवस घातली की टाळूला बुरशी येते, लालभडक होते. जपानमध्ये ८५ वर्षं आणि त्यावरच्या लोकांचा अभ्यास झाला, २०१५ मध्ये छापून आला. कवळी घालून झोपणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका दुपटीहून जास्त दिसला.

आबा७९

मी स्वतः कवळीवाला, वय आयडीत आहेच. बारा वर्षं झाली. धाग्यावर मुलं-सुना-डॉक्टर सगळे बोलले, म्हणून ज्याच्या तोंडात आहे त्याने लिहावं असं वाटलं. घाटवाट, हे वडिलांना वाचून दाखवलंत तर बरं होईल.

दादा, "किती दिवस राहिलेत" हे मीही म्हणत होतो, ६७ व्या वर्षी. त्यानंतर बारा वर्षं जेवलो. दिवसाला दोनदा धरलं तरी आठ हजारांवर जेवणं होतात. तेवढी दुधात कुस्करून खाल्ली असती.

मला दात गेल्याचं दुःख जेवणापेक्षा बोलण्याचं जास्त होतं. मी सोसायटीच्या सभेत बोलणारा माणूस. 'स' निसटायचा, 'फ' चा फुसका आवाज यायचा. हळूहळू सभेला जाणंच सोडलं आणि गुडघे दुखतात म्हणून सांगत राहिलो. कवळी आल्यावर पहिले पंधरा दिवस 'स' आणखी बिघडला. मग रोज सकाळी पेपर मोठ्याने वाचायला लागलो, अग्रलेखापासून निधनवार्तांपर्यंत. महिन्याभरात जीभ शिकली.

ज्या गोष्टी डॉक्टर सांगायला विसरतात त्या सांगतो. वरची कवळी टाळू झाकते, त्यामुळे चहाचा चटका आधी कळत नाही, घशात गेल्यावर कळतो. पहिले दिवस निववून प्या. अन्नाची चव महिनाभर फिकी लागेल, ती परत येते. पेरूची एक बी किंवा खसखशीचा दाणा कवळीखाली गेला तर डोळ्यांतून पाणी काढतो. लगेच उठून चूळ भरायची, पंक्तीत असाल तरी. कुणी काही म्हणत नाही.

भाकरी खातो. ज्वारीची, ताजी. पापुद्रा सोडवून घ्यायचा आणि तो आधी खायचा. कडा आमटीत भिजवायच्या. शेंगदाणे भाजून कूट करून. ते अख्खे नाही जमत, त्याची हळहळ आहे.

सुळका

आबा, नमस्कार तुम्हाला. माझा "कवळीच्या वाटेला कशाला जायचं" हा शब्द मागे घेतो.

घाटवाट (६ एप्रिल)

सगळ्यांचे मनापासून आभार. आबा, तुमचा प्रतिसाद शनिवारी रात्री बाबांना वाचून दाखवला. आठ हजार जेवणांवर काही बोलले नाहीत. सभेचं आलं तेव्हा म्हणाले, "परत वाच." गेली दोन वर्षं ते पारायणाला बसत नाहीत. मांडी घालता येत नाही म्हणून सांगायचे. बाबा ग्रंथ वाचायला बसायचे, दर श्रावणात. आम्हाला कुणालाच हे जुळवता आलं नव्हतं.

मग एकच प्रश्न विचारला, "रात्री काढल्यावर तोंड कसं लागतं, विचार त्यांना."

आबा७९

पहिले आठ दिवस रिकामं लागतं. नंतर दिवसभर घातलेले बूट काढल्यासारखं मोकळं. आणि आरशात बघायला घाबरू नका म्हणावं. बायकोपुढे काढायला मला सहा महिने लागले. ती म्हणाली, "मी तुम्हाला दात नसताना दोन वर्षं बघितलंय." झालं.

घाटवाट (१९ एप्रिल)

कराडला दाखवलं. ओपीजीत खालचे दोन्ही सुळे आणि एक पटाशी घट्ट, दोन बऱ्या, एक काढावी लागली. हिरड्यांची सफाई दोन बैठकांत झाली. ठरलं असं: वर पूर्ण कवळी, खाली धातूची पार्शल, तिच्यातच तो एक दात. खर्च मिळून ३१ हजार. इम्प्लांट आत्ता नाही. साखरेसाठी औषध बदललंय, तीन महिन्यांनी परत तपासणी.

चिंचगूळ, तुमचं वाक्य घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. प्रत्येक फेरीला आमच्यापैकी कुणीतरी सोबत जाईल असं ठरवलंय. बहीण सांगलीत असते, ती दोनदा जाऊन आली.

चिंचगूळ

हे वाचून फार बरं वाटलं.

प्रॉस्थो_ताई

छान निर्णय. मेणातले दात दाखवतील त्या दिवशी बाबांचा जुना, हसतानाचा फोटो घेऊन जा. दात किती दिसावेत, रंग किती पिवळसर असावा, सगळं त्याच दिवशी बोला. एकदा अ‍ॅक्रिलिक शिजलं की बदलणं अवघड. आणि ७३ व्या वर्षी पांढरेशुभ्र दात मागू नका, बाबांचे बाबाच दिसू द्या.

घाटवाट (२ जून)

कवळी येऊन बारा दिवस झाले. हसतानाचा फोटो शोधायला आईला दोन दिवस लागले, शेवटी माझ्या मुंजीतला सापडला. समोरचे दोन दात किंचित एकमेकांवर चढलेले होते, तंत्रज्ञाने तसेच लावून दिले. आई बराच वेळ बघत होती.

सध्या भात, खिचडी, भिजवलेली पोळी. कालपासून भाकरीचा पापुद्रा, आबांनी सांगितल्याप्रमाणे. रोज संध्याकाळी माझ्या मुलीला फोनवर पेपर वाचून दाखवतात. 'स' अजून शिट्टी वाजवतो, तिला ते आवडतं, ती 'सासवड', 'ससा' असे शब्द मुद्दाम सांगते आणि ते म्हणतात.

एक अडचण. वरच्या डाव्या बाजूला मागे टोचतंय, पांढरा फोड आलाय. गुरुवारी दाखवायचंय. तोपर्यंत कवळी काढून ठेवायला सांगू का?

प्रॉस्थो_ताई

आज-उद्या दुखत असेल तर काढून ठेवू द्या, मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या. पण बुधवारी रात्र सोडून घालायची, आणि गुरुवारी सकाळी घालूनच, काहीतरी खाऊनच डॉक्टरकडे जायचं. हिरडीवर खूण ताजी असली की नेमकं कुठे घासायचं ते दिसतं. घरी कानस किंवा सँडपेपर अजिबात नाही.

घाटवाट

बरं. बहिणीला आत्ताच फोन करून सांगतो.